स्वतःची गच्ची नसलेल्यांनी सौरऊर्जेचं काय करायचं?

मुळाकाठ
ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एवढ्यात छतावर सोलर बसवून घेतलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. योजना चांगली आहे, ती बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण हे पैसे मिळायला आधी हक्काचं छत लागतं आणि नावावर मीटर लागतो.

मी पुण्यात भाड्याने राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पत्र्याच्या खोलीत राहतात. साबण, टूथपेस्ट, मोबाइलचं रिचार्ज यांवर त्या माझ्याइतकाच जीएसटी भरतात. त्याच तिजोरीतून बंगल्यावरच्या पॅनेलला अनुदान जातं, आणि बंगलेवाल्याचं बिल शून्यावर आलं तरी मावशींचं आहे तिथेच राहतं.

माझं मत असं, की उन्हापासून होणाऱ्या विजेत भाडेकरूला, चाळीतल्या माणसाला, भूमिहीन शेतमजुराला वाटा विकत घेता आला पाहिजे. अनुदान त्या वाट्याला मिळावं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गच्ची नसताना तुम्ही घरात खरोखर काय केलंत ज्याने बिल किंवा गॅस कमी झाला? आणि सरकारी धोरणात नेमकं काय बदललं तर हे न्याय्य होईल?

वायरमन_नाना
पहिल्या प्रश्नाचं उत्तर छताकडेच बघा, पण आतल्या बाजूने. पंखा.
जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १९ युनिट वाचतात. तीन पंखे असतील तर ५५ च्या वर. दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेलं युनिट हे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. १०० च्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळपास दुप्पट महाग पडतं. भाड्याचं घर सोडताना पंखे काढून बरोबर नेता येतात, सोलर नेता येत नाही.

सुगरण_नागपूर
नाना, पंखा बदलला तर नागपूरच्या मे महिन्यात वारा तेवढाच येतो का? कूलर तर चालवावाच लागतो.

वायरमन_नाना
वारा तेवढाच येतो ताई. खोक्यावर 'हवेचा पुरवठा' लिहिलेला असतो तो आकडा बघून घ्या, स्वस्तातले काही पंखे तिथे कमी पडतात. कूलरचं म्हणाल तर गवताच्या ताट्या दर मोसमाला बदला आणि खिडकी किलकिली ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि मग माणूस तो दुप्पट वेळ चालवतो.

गच्चीवाली
मी नाशिकची, बंगलेवाल्यांपैकी एक. :) धागाकर्तीचं दुखणं समजतं, पण चित्र थोडं एकांगी झालंय. अनुदान वजा जाऊनही आम्ही पदरचे लाखभर रुपये घातले. तेही आधी पूर्ण भरले, अनुदान नंतर खात्यात आलं. आम्ही दुपारी वीज तयार करतो, ती शेजारच्याच घरांत वापरली जाते, म्हणजे लांबून तारांतून आणताना होणारी गळती वाचते. तीन किलोवॅटला महिन्याला सरासरी ३३० युनिट निघतात, पावसाळ्यात बरेच कमी. वर्षाअखेरीस, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक युनिटांचे पैसे मिळतात तेही आपण विकत घेतो त्याच्या कितीतरी कमी दराने. घबाड मिळाल्यासारखं बोललं जातं तसं काही नाही.

आणि कोणीतरी पहिल्यांदा पैसे घातल्याशिवाय पॅनेल स्वस्त होत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी महाग पॅनेल घेतली त्यांच्यामुळे आज आपल्याला परवडतात.

हिशोबी_मावळा
गच्चीवाली यांच्याशी अर्धा सहमत. वीज कंपनीच्या तारा, रोहित्रं, खांब, कर्मचारी हा खर्च युनिट विकल्यावर निघतो. जास्त वापरणारे ग्राहक जास्त दर देतात आणि त्यातून कमी वापरणाऱ्यांना स्वस्त वीज मिळते. हेच मोठे ग्राहक नेट मीटरिंग करून (म्हणजे लाइनमध्ये सोडलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करून) शून्य बिलावर गेले की रात्री वीज त्याच तारांतून घेतात, पण तारांच्या खर्चातला त्यांचा वाटा कमी होतो. उरलेला भार कोणावर? ज्यांना गच्ची नाही त्यांच्यावर. आज असे ग्राहक थोडे आहेत म्हणून जाणवत नाही. सूर्यघर योजनेचं एक कोटी घरांचं उद्दिष्ट गाठलं की जाणवेल.

यावर उपाय म्हणून सोलरवाल्यांना दंड करावा असं मला वाटत नाही. पण तीन किलोवॅटपर्यंत आजच्यासारखी पूर्ण सवलत, आणि त्यावरच्या मोठ्या संचांना तारांचं भाडं, ही विभागणी रास्त आहे.

गच्चीवाली
मोठ्या संचांना भाडं लावायला माझी हरकत नाही. दहा किलोवॅट बसवून तीन एसी चालवणाऱ्याला आणि आम्हाला एका तराजूत तोलू नका एवढंच.

तांबडी_माती
शहरातल्या लोकांनी बिलावर चर्चा चालवलीय, मी आटपाडीकडून लिहितोय. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत केली. चांगलं झालं. पण आम्हाला फुकटपेक्षा दिवसाची वीज हवी होती. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्रीची पाळी. थंडीत रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन दारं मोडायला जायचं, बांधावर साप, काही भागात बिबट्या. दारं मोडणं म्हणजे काय हे शहरात माहीत नसेल तर सांगतो: एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. हे यंत्र करत नाही, माणूसच लागतो, आणि घरात तरणा माणूस नसेल तर बाई जाते.

म्हणून सौर कृषी वाहिनी योजना मला सगळ्यात मोलाची वाटते. उपकेंद्राजवळ पॅनेल लावायची आणि शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, दिवसा त्याच्यावर चालवायचा. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, वर दरसाल ३ टक्के वाढ. आमच्या दुष्काळी माळावर इतकं पीक कुठल्याच सालात हाताला लागत नाही.

पण यातही धागाकर्तीचा प्रश्न येतोच. सव्वा लाख कोणाला? ज्याची जमीन आहे त्याला. प्रकल्प गायरानावर आला तर भाडं कोणालाच नाही आणि शेरडं चारणाऱ्याचा चारा गेला. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात. त्या पैशातून मेंढपाळाला काय मिळालं हे ग्रामसभेत विचारायला हवं, पण ग्रामसभेला तो येत नाही, तो मेंढरांमागे असतो.

रत्नांग्रीकरीण
तांबडी_माती, प्रतिसाद फार आवडला. पॅनेल थोडी उंच बांधली तर खाली शेळ्या चरू शकतात की. सावलीत गवतही टिकतं.

तांबडी_माती
चरू शकतात. कुंपणाचं फाटक कोण उघडणार हा प्रश्न आहे. करार करतानाच चराईचा हक्क लिहून घेतला पाहिजे, मागाहून ठेकेदार ऐकत नाही. आणि शेळी पॅनेलवर उडी मारते, मेंढी मारत नाही. तेव्हा मेंढरंच बरी. :)

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत भाडेकरूंसाठी एक सोपी वाट काढलीय ती सांगतो. बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल अडकवायची, एक छोटा इन्व्हर्टर, आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. २०२४ पासून ८०० वॅटच्या इन्व्हर्टरपर्यंत परवानगी आहे, ऑनलाइन नोंदणी करायची आणि झालं. २०२३ पासून त्यावर मूल्यवर्धित कर शून्य. घरमालकाला सबळ कारण असल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, तसा हक्कच भाडेकरूला दिलाय. फ्रिज, राउटर, दिवसभर चालू राहणारी बारीकसारीक उपकरणं यांचं ऊन असेपर्यंत भागतं. अनुदान थोडं, हक्क मोठा. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. भारतात हे का नाही?

वायरमन_नाना
श्टुटगार्टकर, कोणी वाचून उद्या लॅमिंग्टन रोडवरून इन्व्हर्टर आणून प्लग खुपसायच्या आत लिहितो. इथे नेट मीटर मंजूर झाल्याशिवाय घरातून लाइनमध्ये वीज सोडता येत नाही. कारण साधं आहे. लाइन बंद करून खांबावर माणूस चढलेला असतो. तुमच्या घरातून वीज उलटी गेली तर तो जातो. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये लाइन गेली की आपोआप बंद होण्याची सोय असते, हलक्या मालात असेलच याची खात्री नाही. आपल्याकडच्या जुन्या चाळींत अर्थिंग नावापुरतं. आधी अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), मग बाल्कनीतलं सोलर.

याच कारणाने आणखी एक सांगतो, पुष्कळांना बसवल्यावर कळतं: बॅटरीशिवायचं छतावरचं सोलर वीज गेल्यावर चालत नाही. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी घरात अंधार.

गच्चीवाली
नाना, हे विक्रेत्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा लाइट गेले तेव्हा सासरे गच्चीवर जाऊन पॅनेल पुसून आले. :D

सुगरण_नागपूर
सासऱ्यांना साष्टांग नमस्कार.

रत्नांग्रीकरीण
मूळ प्रश्नाकडे. स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी सांगते, दोन्हींना गच्ची लागत नाही.

पहिली, पेटी. भात, डाळ, कडधान्यं, खीर हे सगळं उकळी आल्यावर नुसत्या साठवलेल्या उष्णतेवर शिजतं. भाताला पाणी उकळून वर बुडबुडे आले की पातेल्यावर घट्ट झाकण, आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यात. खोक्यात तळाला आणि कडेने वर्तमानपत्राचे बोळे किंवा भाताचा पेंढा दाबून भरायचा. पाऊण तासाने भात मोकळा निघतो आणि खाली लागत नाही. राजमा-छोल्यांना आधी रात्रभर भिजवून दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळावं लागतं, त्याशिवाय पेटीत ठेवू नये. आणि झाकण मध्येच उघडून बघायचं नाही! घरातल्या प्रत्येकाला हे बजावावं लागतं.

दुसरी, बायोगॅस. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने घरगुती छोटं संयंत्र तयार केलं, त्याला २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गोबरगॅसला रोज पाट्या भरून शेण लागतं. कर्व्यांचं म्हणणं असं की जंतूंना शेणापेक्षा पिठूळ आणि गोड पदार्थ खायला घातले तर थोडक्यात भरपूर गॅस होतो. शिळा भात, किडकं पीठ, सडका आंबा, फणसाच्या आठळ्या, सगळं चालतं. आमच्याकडे परसात आहे. सुरुवातीला विरजणासारखं शेणाचं पाणी, नंतर रोज खरकटं वाटून पाण्याबरोबर. लिंबाच्या साली आणि आंबट फार घालायचं नाही, आत आंबलं की गॅस मरतो. पावसाळ्यात आणि थंडीत मंद होतो. दोन वेळचा चहा आणि सकाळची पेज त्यावर होते, सिलिंडर मागे सरकतो. बाहेर पडलेली मळी झाडांना.

मुळाकाठ
पेटीची कल्पना उद्याच करून बघते. बायोगॅसला मात्र परस हवं. पुन्हा जागाच.

रत्नांग्रीकरीण
एकटीला नाही जमणार, पण सोसायटीला जमेल. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) डॉ. शरद काळे यांचं निसर्गऋण संयंत्र ओल्या कचऱ्यासाठीच आहे. गॅस कुठे वापरायचा हे आधी ठरवायला हवं, नाहीतर संयंत्र बसतं आणि गॅस हवेत जातो. वॉचमनच्या खोलीला तो फुकट द्यावा असं मी सुचवेन. कचरा सगळ्यांचा, आणि इमारतीत सगळ्यात कमी पगार त्याचा.

हिशोबी_मावळा
गॅस की इंडक्शन हा प्रश्न येणारच, तर आकडे मांडून ठेवतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोमागे उष्णता साधारण पावणेतेरा युनिटांइतकी, म्हणजे सिलिंडरमध्ये एकूण १८० च्या आसपास. शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्यात जाते असं धरू, म्हणजे १०८. तेवढीच उष्णता इंडक्शनने द्यायला, त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर, १२५ ते १३० युनिट लागतील. आता आपापल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर घ्या आणि १२८ ने गुणा. बहुतेकांना गॅस स्वस्त पडेल. इंडक्शन धरूनही १०० युनिटांच्या आत राहणाऱ्यांना किंवा सोलर असलेल्यांना इंडक्शन.

म्हणजे बघा, ज्याच्याकडे गच्ची आहे त्याची वीजही स्वस्त आणि गॅसही वाचतो. नसलेल्याला दोन्ही बाजार भावाने. धागाकर्तीचा मुद्दा इथे सगळ्यात धारदार होतो.

इंद्रायणी_तांदूळ
भाकरी इंडक्शनवर फुगत नाही, त्यामुळे माझ्यापुरता हा वाद मिटला आहे.

सुगरण_नागपूर
तवा इंडक्शनवर, आणि शेवटचा फुगवायचा भाग छोट्या बर्नरवर. आमच्याकडे असंच चालतं. सौरऊर्जा म्हणाल तर आपल्या आया-आज्या ती कधीपासून वापरतायत, कुरडया आणि सांडगे वाळतात कशावर? वरच्या मजल्यावरच्या काकूंना गच्चीत साडी अंथरू द्यायला सेक्रेटरीची परवानगी लागते म्हणे आता.

देऊळवाडा
वाळवणावरून आठवलं. एसफोरएस टेक्नॉलॉजीज या आपल्याकडच्या कंपनीने सौर वाळवणी यंत्रं शेतकरी बायकांपर्यंत नेली. कांदा, आलं, टोमॅटो भाव पडल्यावर रस्त्यावर फेकण्याऐवजी चिरून वाळवून विकायचा. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार त्यांना मिळाला. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की यंत्र बाईच्या अंगणात आहे आणि मालाचे पैसे तिला मिळतात. ऊर्जा आणि कमाई एकाच माणसाच्या हातात आली की न्याय वेगळा शोधावा लागत नाही.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर ऊन एकवटून वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या आहेत, त्यांच्या वाफेवर २००९ पासून हजारोंचा स्वयंपाक होतो. वसतिगृहं, आश्रमशाळा, कारागृहं इथे हे का होत नाही कळत नाही.

पाटण_खोरं
वीज आणि न्याय यांवर बोलताना आमच्या खोऱ्याचं नाव निघत नाही म्हणून लिहितो. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. साठच्या दशकात पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, तिच्यावर मुंबईचे कारखाने आणि राज्याचा संध्याकाळचा लोड चालत आला. धरणासाठी उठवलेल्या माणसांच्या पुढच्या पिढ्या अजून जमिनीच्या कागदांसाठी मोर्चे काढतात. नंतर आमच्याच डोंगरांवर वनकुसवडे-चाळकेवाडीला पवनचक्क्या आल्या. खालच्या गावांतून पाती फिरताना दिसतात.

याच तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथे वीज गावात तयार होते आणि गावातच वापरली जाते. कोयनेचं आणि मान्याचीवाडीचं अंतर नकाशावर थोडं आहे. वीज 'पर्यायी' झाली म्हणजे वाटणीही पर्यायी होते असं नाही, पवनचक्क्यांनी तेच दाखवलं. जिथे वीज तयार होते तिथल्या माणसाचा हिस्सा कायद्याने आधी ठरवा. उरलेलं नंतर.

तांबडी_माती
पाटणकर, शब्दाशब्दाला अनुमोदन.

हिशोबी_मावळा
पाटण_खोरं यांच्यापुढे जाऊन पैसे कुठून आणायचे ते बोलू. दोन दाखले आहेत.

एक, वाईट. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो वाढत २०१६ मध्ये ४०० झाला. हेतू हा की कोळशाच्या पैशातून स्वच्छ ऊर्जेला भांडवल मिळावं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या भरपाईत मिसळून गेला. पैसे जमले, पण ते ज्यासाठी जमवायचं ठरलं होतं त्यासाठी राहिले नाहीत.

दुसरा, आपला आणि चांगला. रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७७ मध्ये कायदा झाला. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला. आपल्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे, असा सरळ करार होता तो. नंतर देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला त्याचं मूळ इथे आहे.

तसाच सरळ करार विजेत करता येईल. मोठ्या वापरावर थोडा जास्त आकार, आणि तो पैसा फक्त बिनगच्चीच्या घरांच्या सामायिक प्रकल्पांत. कर कुठे जातो हे दिसलं की लोक भरतात.

इंद्रायणी_तांदूळ
फेब्रुवारीत शंभर जास्त का कापतात याचं उत्तर आज मिळालं. ११ महिने २०० आणि एकदा ३००, म्हणजे २,५००. धन्यवाद मावळे!

श्रीरामपूर_स्टँड
सामायिक प्रकल्प म्हणजे शेवटी सहकार. आमच्याकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. शेतकरी सभासद, ग्रामीण वीजवाटप सहकारी तत्त्वावर. २०११ मध्ये परवाना संपला आणि वाटप वीज कंपनीकडे गेलं, मागे थकबाकीचा डोंगर. त्यामुळे 'सहकार करा' म्हटलं की आमच्याकडचे लोक आधी हात जोडतात. पण त्या संस्थेला वीज विकत घेऊन विकावी लागायची. सौर प्रकल्पात इंधनाचं बिलच नाही, ही मोठी सोय आहे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी उपसून झालं की उरलेली वीज वीज कंपनीला विकायची, युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी. परिणाम काय, तर वीज विकून पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस पाणी जपून उपसतो. आपल्याकडे सौरपंप वाटले, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्केच भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के. छान आहे. पण त्या पंपाची वीज विकायची सोय नसेल तर तो दिवसभर पाणीच काढणार, आणि उसाच्या पट्ट्यात हे परवडणारं नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही
सोसायटीवाल्यांनी लक्षात घ्या, सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग. आमच्या सर्वसाधारण सभेत दोन तास गच्चीतून पाणी गळेल की नाही यावर भांडण झालं, मग वरच्या मजल्यावरच्यांनी मेंटेनन्समध्ये सूट मागितली. शेवटी पॅनेलच्या पायांखाली स्लॅब न फोडता काँक्रीटचे ठोकळे ठेवायचं ठरलं आणि ठराव पास झाला. फायदा सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये. भाडेकरूला मिळतो का? मेंटेनन्स मालक भरत असेल तर नाही.

मुळाकाठ
डोंबिवलीकर, हीच तर गाठ आहे. मी सगळे प्रतिसाद वाचले. नाना, एक विचारायचंय. मावशींसारख्यांसाठी राज्याची स्मार्ट योजना २०२५ मध्ये आलीय, १०० युनिटांच्या आतल्या घरांना. दारिद्र्यरेषेखालच्यांना एका किलोवॅटला पदरचे २,५०० च भरावे लागतात. पत्र्यावर हे बसतं का?

वायरमन_नाना
लोखंडी पत्रा आणि खाली चांगले अँगल असतील तर बसतं. एका किलोवॅटला मोठी दोन पॅनेल, एकेक २५-३० किलोचं. वजनाचा प्रश्न नाही, वाऱ्याचा आहे. वळवाच्या पावसात वारा पॅनेलखाली शिरला की पत्र्यासकट उचलतो. म्हणून सांगाडा पत्र्याला न पकडता भिंतीला किंवा खांबाला पकडायचा. सिमेंटच्या पत्र्यावर नको, त्यावर पाय ठेवला तरी तडकतो. पण खरी अडचण कागदांची. मीटर त्यांच्या नावावर आहे का? झोपडी घोषित, म्हणजे सरकारदरबारी नोंद असलेल्या वस्तीत आहे का? तिथेच अर्ज अडतात.

मुळाकाठ
मीटर खोलीमालकाच्या नावावर आहे. ते मावशींना युनिटमागे ठरलेला दर लावतात, बिलापेक्षा जास्त.

हिशोबी_मावळा
यासाठीच तुम्ही वर म्हणालात तो वाटा. त्याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. पॅनेल कुठेतरी एका जागी, वाटेकरी दहा घरं, आणि ज्याच्या-त्याच्या बिलातून युनिट वजा. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खोलीमालकाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, कारण बिल नावावर लागतंच. म्हणून मागणी दोन कलमी हवी: भाडेकरूला स्वतःच्या नावाने मीटर, आणि त्या मीटरला वाट्याचे युनिट.

देऊळवाडा
वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची याचिका आली की जाहीर सूचना निघते आणि कोणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो, मराठीत, वकिलाशिवाय. जनसुनावणीत उभं राहून बोलताही येतं. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्था वर्षानुवर्षं हे करतायत. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी भरपूर असतात, भाडेकरू म्हणून कोणी आलेलं मी पाहिलं नाही.

मुळाकाठ
मग आपण जाऊ. मी या आठवड्यात हरकतीचा कच्चा मसुदा इथेच टाकते. तांबडी_माती, चराईचं कलम तुम्ही लिहून द्या. पाटण_खोरं, स्थानिकांच्या हिश्श्याचं तुम्ही. भाड्याने राहणाऱ्यांनी खाली एवढंच लिहा: मीटर कोणाच्या नावावर आहे, आणि मालक युनिटला किती घेतो. गाव लिहा, नाव नको.

इंद्रायणी_तांदूळ
हडपसर. मालकाच्या नावावर. मूळ बिल दाखवत नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही
डोंबिवली पूर्व, माझ्या भावाचं घर. मालकाच्या नावावर, पण बिल जसंच्या तसं.

सुगरण_नागपूर
नागपूर, मुलीची खोली. सबमीटर. युनिटला १५ रुपये.